पोती मोजून झाली असतील तर आता पाटाचं बोलू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटीशी बातमी होती, अफगाणिस्तानला भारताकडून मदत रवाना, इतके टन धान्य, इतकी औषधं, आणि ट्रकला बॅनर लावलेला तो नेहमीचा फोटो. बातमी चार ओळींची, पण आमच्या बागेतल्या कट्ट्यावर तिच्यावर पाऊण तास भांडण झालं. एक जण म्हणाले, इथे आपला विदर्भातला शेतकरी मरतोय आणि हे निघाले तालिबानला गहू वाटायला. दुसरे म्हणाले, अहो ती डिप्लोमसी असते, तुम्हाला नाही कळणार. मी गप्प बसलो कारण मला कट्ट्यावर बोलता येत नाही, घरी आल्यावर मग सगळं सुचतं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी काही अफगाणिस्तानला गेलेलो नाही, हेही आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी पत्र लिहील की या गृहस्थांना काय माहीत. मी पाटबंधारे खात्यातला रिटायर्ड शाखा अभियंता, मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला, आता पुण्यात मुलाकडे. पण आमच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं तीन अफगाण पोरं भाड्यानं राहत होती. २०२१ च्या आधी पुण्यात अशी हजारो पोरं शिकायला होती हे पुणेकरांना सांगायला नको, कोणी आयसीसीआरच्या, म्हणजे भारत सरकारच्या स्कॉलरशिपवर, कोणी बापानं जमीन विकून. त्यातला एक हेरातचा. मी धरणांवर काम केलंय हे कळल्यावर तो रोज संध्याकाळी खाली येऊन बसायचा, 'अंकल, सलमा माहितीये का?' म्हणून. मला कुठली सलमा! मग त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला आणि मी चाट पडलो, कारण ते आपल्या वॅपकॉसनं, म्हणजे केंद्र सरकारच्या पाणीप्रकल्पांच्या कंपनीनं बांधलेलं धरण होतं आणि ३३ वर्षं खात्यात काढून मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

तर सलमा धरण. हेरात प्रांतात, शहरापासून १६५ किलोमीटर पूर्वेला, हरीरूद नदीवर. काम सुरू झालं १९७६ ला, मग युद्ध, मग बंद, मग १९८८ ला आपल्याकडे आलं, परत बंद, २००६ ला पुन्हा हात लावला आणि ४ जून २०१६ ला मोदी आणि अश्रफ घनी यांनी उद्घाटन केलं. ४० वर्षं. आपल्याकडची धरणंही रखडतात पण आपल्या साईटवर रॉकेट पडत नाहीत. उंची १०४ मीटर, साठा ६३३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत २२ टीएमसीच्या वर, म्हणजे पानशेतच्या दुपटीहून थोडं जास्त. ४२ मेगावॅट वीज आणि ७५ हजार हेक्टर भिजवायचं टार्गेट. यंत्रसामग्री इथून बोटीनं इराणच्या बंदर अब्बासला, तिथून १२०० किलोमीटर ट्रकनं अफगाण सरहद्दीवरच्या इस्लाम कला नाक्यावर, आणि पुढे अजून ३०० किलोमीटर साईटपर्यंत. आम्हाला तालुक्याच्या गोडाऊनमधून सिमेंट साईटवर आणताना नाकी नऊ यायचे. एस्टिमेट साडेतीनशे कोटींवरून शेवटी १७७५ कोटींवर गेलं आणि त्यावरून कोणी ओरडलं तर मी तरी त्याला ओरडू देणार नाही, ज्यांनी तिथं राहून काम केलं त्यांना माझा सलाम आहे.

पण त्या पोरानं एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, अंकल, धरण फार मोठं झालं, आमच्याकडे सगळे खूश आहेत, लोकांनी रस्त्यावर भारताचे झेंडे धरले, पण माझ्या मामाच्या शेतात पाणी अजून त्याच जुन्या पाटानं येतं आणि ते द्यायचं की नाही हे मिराबच ठरवतो. मिराब कोण? तर गावानं निवडलेला पाणीवाटप करणारा माणूस, त्याला पगार नाही, सुगीला प्रत्येक शेतकरी थोडा गहू देतो. वसंतात सगळ्या गावानं मिळून पाटातला गाळ काढायचा, त्याला ते 'हशर' म्हणतात, ज्याचं शेत जास्त त्याची माणसं जास्त.

आता खानदेशातल्या वाचकांच्या लक्षात आलंच असेल. अहो ही तर आपली फड पद्धत! पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनतीनशे वर्षं हेच चाललं होतं, बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, हवालदार, आणि मोबदला धान्यात. माझे आजोबा पाट साफ करायला जायचे ते मी लहानपणी पाहिलंय. मी त्या पोराला म्हटलं, बाबा रे, तुझा मिराब आणि माझा पाटकरी सख्खे भाऊ दिसतायत. त्यावर तो म्हणाला तुमचा पाटकरी अजून आहे का? मला खरं उत्तर द्यावं लागलं. वरती धरणं झाली, खात्याचा कालवा निरीक्षक आला, आणि फड बऱ्याच ठिकाणी मोडला. मोडला म्हणजे कोणी मोडला नाही, आपोआप गेला. आणि ते घालवणाऱ्या खात्यातच मी पगार घेत होतो.

म्हणून मला कट्ट्यावरच्या दोघांनाही सांगायचं होतं की तुमचं दोघांचंही भांडण पोत्यांवर चाललंय. गहू द्यावा का नाही हा मुळी प्रश्नच नाहीये, उपाशी माणसाला द्यायचाच. प्रश्न हा आहे की पोती उतरवून झाल्यावर त्या गावातला पाट कोण दुरुस्त करतंय आणि आपण त्याच्या कुठे उपयोगी पडतोय. वीस वर्षं जगानं तिथे पैसा ओतला, एकट्या अमेरिकेनं पुनर्बांधणीच्या नावाखाली १४५ अब्ज डॉलर घातले, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं त्यानंतर दोन-तीन महिन्यांत दवाखान्यात नर्सला पगार नाही आणि बँकेसमोर रांगा. असं कसं होतं? मला हे समजून घ्यायला बराच वेळ लागला, जेवढं समजलं ते लिहितो.

एक म्हणजे सरकारी खर्चाच्या रुपयातले बारा आणे बाहेरून येत होते. ७५ टक्के. असं सरकार म्हणजे काय, दुसऱ्याच्या टेकूवर उभं केलेलं माळवद. टेकू काढला, आलं खाली. वर त्यांच्या सेंट्रल बँकेचे परदेशातले साधारण ९ अब्ज डॉलर गोठवले, त्यातले ७ अब्ज अमेरिकेत. तालिबानच्या हाती पडू नयेत म्हणून गोठवले हे कळतं, पण पगार थांबला तो शाळामास्तरचा.

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. मदत देणाऱ्यांचे खिसे दोन असतात. एका खिशातून तातडीची मदत येते, पीठ, तेल, तंबू, औषधं, ती कोणालाही देता येते, सरकार कोणाचंही असो, पण ती वर्षावर्षाच्या हिशोबानं येते आणि फक्त जीव वाचवायला. दुसऱ्या खिशातून विकासाचा पैसा येतो, कालवे, रस्ते, वीज, शाळा, तो बहुतेक सरकारशी करार करून येतो. आता सरकारलाच मान्यता नसेल तर दुसरा खिसा शिवून टाकला जातो. मग होतं काय की एखाद्या गावाला दर हिवाळ्यात पीठ मिळतं पण ज्या पाटामुळे त्या गावात पीठ पिकलं असतं त्या पाटाच्या दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत, कारण पाट म्हणजे 'विकास'. मला सांगा, पाट हा विकास आणि भाकरी ही मदत, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? आमच्या आजीला विचारलं असतं तर तिनं काठीच घेतली असती. नंतर थोडीफार वाट काढली, यूएनच्या संस्थांमार्फत काही पैसा आरोग्य आणि शेतीला परत सुरू झाला, पण तोवर जे बंद पडायचं ते पडलं होतं. आणि २०२५ ला अमेरिकेनं हात आखडल्यावर परत तेच, चारशेच्या वर दवाखाने बंद झाले, आणि त्याच वर्षात इराण आणि पाकिस्ताननं मिळून २० लाखांहून जास्त माणसं परत पाठवली. म्हणजे खाणारी तोंडं वाढली आणि ताट लहान झालं.

बरं, हे सगळं वाईटच होतं असंही नाही. एक कार्यक्रम होता, २००३ ला सुरू झाला, राष्ट्रीय एकता कार्यक्रम म्हणू आपण त्याला मराठीत. त्यात गावानं गुप्त मतदानानं आपली समिती निवडायची, बायकांसह, आणि कुटुंबामागे २०० डॉलर असा हिशोब धरून त्या गावाला थेट पैसे, जास्तीत जास्त ६० हजार डॉलर. काय करायचं ते गावानं ठरवायचं, विहीर, पूल, मायक्रो हायड्रो, काय ते. आणि १० टक्के वाटा गावानं श्रमदानात किंवा सामानात घालायचा. वाचून मला हसूच आलं, कारण त्याच सुमाराला आम्ही इथे जलस्वराज्य या गावपाणीपुरवठ्याच्या योजनेत गावागावात १० टक्के लोकवर्गणीसाठी बैठका घेत फिरत होतो! तोच वर्ल्ड बँकेचा पैसा, तोच १० टक्क्यांचा नियम, आणि माझी खात्री आहे की तिथेही एक म्हातारा उठून विचारत असणार की साहेब, आधी विहिरीला पाणी लागेल का ते सांगा, मग वर्गणीचं बघू. तीस हजारांच्या वर गावांपर्यंत तो कार्यक्रम पोचला. सरकारी इमारती बांधल्या त्यांच्यापेक्षा ही कामं टिकली असतील असं मला वाटतं, निदान चोरी करायला तरी गावातल्या माणसाला गावासमोर करावी लागते.

आता मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय त्या माणसावर येतो. तेत्सू नाकामुरा. जपानी डॉक्टर. १९८४ ला पेशावरला आला तो कुष्ठरोग्यांवर उपचार करायला. आपल्याला आनंदवन माहीत आहे त्यामुळे हा माणूस कशा जातीचा असेल ते वेगळं सांगायला नको. पुढे अफगाणिस्तानात डोंगरातल्या गावांसाठी दवाखाने काढले. २००० साली भयंकर दुष्काळ पडला आणि दवाखान्यासमोर पोरं मरायला लागली, रोगानं नाही, घाण पाण्यानं आणि उपासमारीनं. डॉक्टरच्या लक्षात आलं की औषध देऊन काय उपयोग, यांना पाणी पाहिजे. आधी विहिरी खणल्या, हजाराच्या वर. पण भूजल खाली खाली चाललं होतं (हे वाक्य आपल्या मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही). मग २००३ ला त्यानं ठरवलं कुनार नदीतून कालवा काढायचा. वय ५६. इंजिनियर नाही, काही नाही. मुलीच्या शाळेचं गणिताचं पुस्तक घेऊन बसला म्हणे. आम्ही लोक चार वर्षं कॉलेजात हायड्रॉलिक्स शिकून नंतर विसरून जातो.

आणि त्यानं केलं काय ते बघा, इंजिनियर म्हणून मला हे फार आवडतं. त्यानं काँक्रीटचा मोठा बॅरेज बांधला नाही. त्याच्या गावाकडे फुकुओकात चिकुगो नदीवर एक जुना बंधारा आहे, यामादा बंधारा, अठराव्या शतकातला, नुसत्या दगडांचा, नदीला तिरका घातलेला. तिरका असल्यामुळे पुराचा मार एका जागी बसत नाही आणि पाणी अलगद कालव्यात वळतं. तोच नमुना त्यानं कुनारवर घातला. कालव्याच्या काठाला तारेच्या जाळीत दगड भरून, म्हणजे आपण पाणलोटाच्या कामात गॅबियन म्हणतो तेच, आणि मागे वाळुंजाची झाडं लावली, मुळं दगडांत शिरून काठ धरून ठेवतात. जाळी गंजून जाईल तोवर मुळांची जाळी तयार. दगड तिथलेच, माणसं तिथलीच, त्यात शेती सोडून बंदूक धरलेली पोरंही होती, ती परत पाटीफावडं घेऊन आली. काही बिघडलं तर गावकरी स्वतः दुरुस्त करतील, कुठल्या सुट्या भागासाठी परदेशात मेल टाकायला नको. सात वर्षांत २५ किलोमीटर कालवा गंबेरीच्या वाळवंटापर्यंत नेला. नाव ठेवलं मारवारीद, म्हणजे मोती. पुढे अजून बंधारे झाले आणि सगळे मिळून १६ हजार हेक्टर भिजायला लागलं, साडेसहा लाख माणसं त्यावर जगतात. लोकांनी मशीद आणि मदरसा मागितला तर तेही बांधून दिलं, ख्रिश्चन माणसानं. मॅगसेसे मिळालं त्याला, २००३ ला, आपल्या बाबा आमट्यांना १९८५ ला मिळालेलं तेच.

४ डिसेंबर २०१९ ला जलालाबादमध्ये त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. तो आणि बरोबरचे पाच अफगाण, ड्रायव्हर आणि गार्ड, सगळे गेले. त्या दिवशी वरच्या मजल्यावरची पोरं जेवली नाहीत. मला तोवर नाव माहीत नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

पण मुद्दा पुढचा आहे. नाकामुरा गेला, २०२१ ला सरकार गेलं, तालिबान आले, बँका बंद, आणि त्याच्या संस्थेचं काम थोडे दिवस थांबून परत सुरू झालं. पाट वाहतोय. का? कारण तो पाट चालवायला काबूलची गरजच नव्हती. सलमावर प्रेम असूनही मी हे लिहितोय, टर्बाईनला इंजिनियर लागतो, सुटे भाग लागतात, ग्रीड लागतं, पगार द्यायला कोणीतरी लागतं. मोठी धरणं नकोत असं मी म्हणणार नाही, आयुष्यभर ती करून आता टाकून बोलू कशाला, शिवाय ४२ मेगावॅट काही वाळुंजाच्या झाडातून निघत नाहीत. पण लढाईच्या देशात मोठं एक बांधलंत तर त्याच्या खाली लहान शंभर बांधा. आणि वरच्या-खालच्याचं भांडण तर आहेच, हरीरूदचं पाणी पुढे इराण आणि तुर्कमेनिस्तानला जातं, त्यांनी खाली दोस्ती धरण बांधलंय आणि मशहद शहर त्यावर पाणी पितं, त्यामुळे सलमा अडवलं की तिकडे बोंब. नाशिक-नगर आणि जायकवाडीचं दर दुष्काळात काय होतं ते आठवा आणि मध्ये आंतरराष्ट्रीय बॉर्डर टाका.

काबूलमधलं अजून एक उदाहरण थोडक्यात. रेडक्रॉसचं हात-पाय बसवायचं केंद्र १९८८ पासून चालू आहे. अल्बेर्तो कैरो नावाचा इटालियन माणूस १९९० ला तिथे गेला आणि त्यानं असं धोरण धरलं की कामाला माणसं घ्यायची ती अपंगच, जे पेशंट म्हणून आले तेच पुढे पाय बनवणारे झाले. मुजाहिदीन आले, तालिबान आले, अमेरिका आली, परत तालिबान आले, पाय बनतच राहिले.

आता बायकांचं. डिसेंबर २०२२ ला तालिबाननं संस्थांमधल्या अफगाण बायकांना कामावर यायला बंदी केली, एप्रिल २०२३ ला यूएनमधल्या बायकांनाही. आरोग्य, शाळा अशा ठिकाणी थोडी सूट, तीही गावोगावच्या मर्जीवर. तेव्हा मोठा वाद झाला की सगळ्यांनी मदत बंद करून निघून यावं का. मला विचाराल तर निघून येऊ नये, पण गप्पही बसू नये, आणि कागदावर 'बायकांपर्यंत मदत पोचली' असं खोटं लिहू नये. कारण मी किल्लारी पाहिलंय.

३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मला १९९४ ला तिकडे डेप्युटेशनवर पाठवलं. पहिल्या महिन्यात अख्ख्या देशातून ट्रक आले आणि रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले, पावसात भिजून कुजले, गुरंसुद्धा तोंड लावेनात. तो झाला पोत्यांचा भाग. खरं काम त्याच्यानंतर चार-पाच वर्षं चाललं. ५२ गावं पूर्ण हलवली आणि बाकी ठिकाणी लाखाच्या वर घरांची डागडुजी आणि मजबुतीकरण केलं. माणसं मेली कशानं? दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं भलंमोठं माळवद. भूकंपानं कमी, छपरानं जास्त मारलं. आम्ही इंजिनियर लोक गावात जाऊन पुरुषांना नकाशे दाखवायचो, ते माना हलवायचे. मग गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं, आणि त्या बोलायला लागल्यावर कळलं की चूल कुठे, बाळंतिणीची खोली कुठे, शेळी कुठे बांधायची, भिंतीला बांधपट्टी घातली तर कोनाड्याचं काय. एका बाईनं मला सरळ विचारलं, साहेब तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं? मी म्हटलं बायको. मग नकाशा तिला दाखवून आणलात का? मी आजही ते विसरलेलो नाही, आणि माझ्या बायकोनं तर नाहीच नाही.

आता ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनारला भूकंप झाला. २२०० च्या वर माणसं गेली. फोटो पाहिले आणि मला तीस वर्षांपूर्वीचं किल्लारी दिसलं, त्याच दगडमातीच्या भिंती, तेच जड छप्पर. फरक एवढाच की तिथे ढिगाऱ्याखालच्या बाईला हात लावायला परका पुरुष कचरतो आणि बायकांना कामावर यायला बंदी. म्हणजे संवाद सहायक सोडाच, नर्ससुद्धा मोजून. भारतानं लगेच १००० तंबू पाठवले आणि १५ टन अन्नधान्य, चांगलंच केलं. पण तंबू एका हिवाळ्याचा. आपल्याकडे लातूर-धाराशिवला असे गवंडी आहेत, आता म्हातारे झाले असतील, ज्यांनी दगडमातीच्या घराला आडव्या पट्ट्या आणि आरपार दगड घालून, छपराचं वजन उतरवून ते उभं ठेवायला शिकून घेतलं, आणि त्यासाठी लोखंडाचे ढीग लागत नाहीत. हे ज्ञान आपल्याकडे आहे, जगात फार थोड्यांकडे आहे, ते कोणत्या ट्रकमध्ये भरलंय?

भारतानं फक्त पोतीच दिली असं नाही, हे कट्ट्यावरच्या पहिल्या गृहस्थांसाठी नाही तर दुसऱ्यांसाठी लिहितो, ज्यांना सगळी डिप्लोमसीच वाटते. २००२ ला आपण १० लाख टन गहू द्यायचं कबूल केलं, पाकिस्ताननं रस्ता दिला नाही, तर त्या गव्हाची प्रोटीन बिस्किटं करून पाठवली आणि वर्ल्ड फूड प्रोग्रॅममार्फत शाळेत रोज प्रत्येक पोराला १०० ग्रॅम, जवळजवळ २० लाख पोरांना. पोरं बिस्किटासाठी शाळेत येतात आणि मग शिकतात, आपल्या खिचडीसारखंच. सांगा ही मदत का विकास? आमच्या हेरातच्या पोराला त्या बिस्किटाची चव आठवत होती, म्हणाला गोड कमी होतं पण खिशात भरून न्यायचो धाकट्या बहिणीला. वीस वर्षांत ३४ च्या ३४ प्रांतांत चारशेच्या वर कामं, ३ अब्ज डॉलर, त्यात खूप लहान लहान होती, शाळेच्या खोल्या, विहिरी, दवाखाने. २१८ किलोमीटरचा झरंज-देलाराम रस्ता बांधताना माणसं मारली गेली तरी बीआरओनं, म्हणजे आपल्या सीमा रस्ते संघटनेनं तो पुरा केला. त्यानंतर २०२२ ला अटारीवरून गव्हाचे ट्रक गेले, ५० हजार टनांचं आश्वासन, २२ फेब्रुवारीला पहिले ५० ट्रक, त्याची परवानगी काढायलाच काही महिने. पुढच्या वर्षी इराणच्या चाबहार बंदरावरून. आणि ऑक्टोबर २०२५ ला त्यांचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला येऊन गेले, काबूलमधलं आपलं ऑफिस परत एम्बसी झालं, २० अँब्युलन्स दिल्या. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत बाई पत्रकार एकही नव्हती, आपल्या राजधानीत, आणि बोंबाबोंब झाल्यावर दुसरी घ्यावी लागली. हेही तुमच्याच पेपरात वाचलं. बोलायचं नाही असं नाहीये, बोललंच पाहिजे, नाहीतर काहीच होणार नाही. पण बोलणं सुरू झालंच आहे तर त्यात मोठं धरण, मोठी वीज एवढंच नको. नाशिकच्या वाघाडला शेतकऱ्यांनी अख्खा प्रकल्प स्वतः चालवून दाखवला, त्यांच्यातले चार जण आणि हरीरूदचे चार मिराब एका सतरंजीवर बसवा. भाषा येत नसली तरी पाण्यावरून भांडता येतं आणि भांडता आलं की पुढचं होतं.

आणि पोरांचं. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याचा मला राग आहे आणि रागात लिहिलं की वाकडं जातं. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडची तिन्ही पोरं घरी गेली. ऑगस्ट २०२१ ला आपण अफगाण लोकांना आधी दिलेले सगळे व्हिसा एका फटक्यात रद्द केले. सिक्युरिटीचं कारण होतं, नाही म्हणत नाही, पण ज्यांची फी भरलेली, स्कॉलरशिप आपणच दिलेली, अशी शेकडो पोरं तिकडे अडकली ती अडकलीच. हेरातच्या पोरानं लाईट असेल तेव्हा ऑनलाईन करत कशीबशी डिग्री संपवली, सर्टिफिकेटसाठी आमच्या मुलानं चार हेलपाटे घातले. त्याची ती बिस्किटवाली बहीण मेडिकलला होती, डिसेंबर २०२२ ला युनिव्हर्सिट्या बायकांना बंद केल्या तेव्हा घरी बसली. नंतर नर्सिंग आणि दाईचं शिकायला गेली तर डिसेंबर २०२४ ला तेही बंद. ज्या देशात परपुरुष डॉक्टर बाईला तपासत नाही तिथे बायकांना नर्सिंगही नाही. अशा मुलींसाठी पुण्यात पाचशे जागा आणि ऑनलाईन वर्ग ठेवले तर किती खर्च येईल? एका उड्डाणपुलाचा खांब? दोन खांब? मी एस्टिमेट करून देतो, फुकट.

विदर्भाचा प्रश्न विचारणाऱ्या काकांना एवढंच, की तिथला शेतकरी आणि हरीरूदचा शेतकरी एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत. विदर्भातले कालवे अर्धवट आहेत ते काही अफगाणिस्तानला गहू दिला म्हणून नाहीत. ते का आहेत ते मला बऱ्यापैकी माहीत आहे, पण ते दुसरं पत्र.

तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी टनांची बातमी छापाल तेव्हा एखाद्या बातमीदाराला मागच्या वेळच्या टनांचं आणि धरणाचं काय झालं ते विचारायला सांगा. सलमाचं पाणी आज कुठपर्यंत जातं, गेटवर कोण आहे, त्याला पगार कोण देतं. त्या पोराचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला विचारून देईन, तो हल्ली मामाच्या शेतावरच असतो आणि यंदा गावानं त्याला मिराबच्या हाताखाली हिशोब लिहायला ठेवलाय, एमबीए झालेला पोरगा.

पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे. कापायचं असेल तर कट्ट्याचा भाग कापा, किल्लारीच्या बाईचा ठेवा.

आपला,
एक रिटायर्ड शाखा अभियंता, पुणे